बिनशपथेची साक्ष

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या लहान रुळांच्या गाडीत बसले, तेव्हा शेजारच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "औंढ्याला की परळीला?"

मी म्हटलं, "बहिणीकडे चाललेय."

"ते झालं हो. पण दर्शन कुठलं?"

पुण्याहून एकटी बाई, तीही विधवा, देवाचं काम नसताना एवढ्या लांब निघेल हे त्यांना पटेना. शेवटी मी सांगून टाकलं की मी देव मानत नाही. त्यांनी माझ्याजवळ ठेवलेला फराळाचा डबा तेवढा उचलला आणि पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवला. देव न मानणारी बाई लाडू चोरणारच, असा त्यांचा हिशोब असावा. मला हसूही आलं आणि रागही आला. मी मुलींच्या शाळेत शिकवते, कपाळ मोकळं ठेवते आणि पोथ्या वाचत नाही. यांपैकी कशानेही आजवर कुणाचा लाडू कमी झालेला नाही.

सरहद्दीच्या स्टेशनावर करोडगिरीचे (जकातीचे) लोक डब्यात चढले. पांढऱ्या दाढीच्या एका अंमलदाराने माझी ट्रंक उघडली. वरच लुगड्यात गुंडाळलेला पितळी बाळकृष्ण निघाला.

"ये आप के भगवान?" त्याने अदबीने विचारलं.

"माझे नाहीत. बहिणीसाठी मावशीने दिलेत."

"अमानत है, तो फिर आराम से रखिए," असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने मूर्ती पुन्हा गुंडाळली आणि ट्रंक बंद केली. पलीकडच्या बाकावरून त्या बाई हे सगळं बघत होत्या. बाळकृष्ण पाहून त्यांना थोडा धीर आला असावा, कारण जालन्याला त्यांनी मला एक लाडू दिला. तो मी खाल्ला. चांगला झाला होता.

परभणी मागे टाकून पिंगळीला उतरले तेव्हा सकाळचं ऊन कोवळं होतं. स्टेशन एवढंसं, पाटी उर्दूत, आणि बाहेर माझी मावसबहीण वेणू हिचे यजमान नरहरराव बैलगाडी घेऊन उभे. माणूस उंच, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं हळू. त्यांनी आधी गाडीवानाला भाकरी सोडून दिली, त्याचं खाणं होईपर्यंत आपण थांबले आणि मग मला म्हणाले, "ताई, गाव गंगेच्या अलीकडच्या काठाला हाय. पोचायला सांज होईल." गोदावरीला इकडे सारे गंगाच म्हणतात.

वाट काळ्या रानातून जाते. दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, कणसं भरत आलेली. मध्येच करडईचे पट्टे, बोरीची झाडं, आणि आभाळ इतकं मोठं की पुण्यात मी इतके दिवस त्याचा तुकडाच बघत होते असं वाटलं. दुपारनंतर एका ओढ्यात उतरताना गाडीचं चाक निखळलं. मी ट्रंकेसकट वाळूत. बैल शांत उभे, गाडीवान देवाचं नाव घेत उभा, आणि मी लुगडं झटकत त्याला सांगतेय की बाबा, नाव घेऊन झालं असेल तर चाक धर.

त्या वेळी पलीकडच्या चढावरून मेंढरं उतरली. मागे घोंगडी पांघरलेली, चांगल्या हाडापेराची एक धनगरीण. तिने आमची दशा पाहिली, काठी टाकली आणि गाडीच्या दांड्याला सरळ खांदा दिला.

"सरका वो मालक," ती नरहररावांना म्हणाली. "तुमच्याच रानात बसवायला चाललेव मेंढरं. तुमी हितंच बसलात तर आमी कुठं जावं?"

ही साळूबाई. तिचा नवरा दुसरा कळप घेऊन नदीपलीकडे पालमच्या अंगाला गेला होता आणि ही एकटी या काठाला आली होती. या भागात पीक निघालेल्या रानात मेंढरं रात्रभर बसवतात. त्यांच्या लेंड्यांनी जमीन सुपीक होते आणि मेंढक्याला त्याबद्दल धान्य मिळतं. दरसाल साळूबाईचा कळप नरहररावांच्या तुरीच्या मोकळ्या रानात बसे.

वेणूच्या घरी पोचल्यावर काय काय खाल्लं ते सांगायलाच हवं. ज्वारीची पातळ भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ लावून केलेली), अंबाडीची भाजी आणि वर तिळाची चटणी. वेणू दर घासाला "पुण्याला असलं मिळतं का?" असं विचारत होती आणि मी दर घासाला "नाही" म्हणत होते. तिला तेवढंच ऐकायचं होतं.

जेवणं झाल्यावर नरहररावांनी ओसरीवर बसून विषय काढला. मी गावात शिरताना मारुतीपुढे हात जोडले नाहीत, हे गाडीवानाने तोवर घरोघर पोचवलं होतं.

"ताई, राग मानू नका. पण देव न्हाईच म्हटलं, तर माणसानं खरं कामून बोलावं? चोरी कामून करू नये?"

"तुम्ही सकाळी गाडीवानाला आपल्याआधी जेवू घातलंत. ते देवाच्या भीतीनं?"

"न्हाई. ते आमच्या आईनं लावलेलं वळण हाय."

"मग वळण आईचं. देवाला त्याचं श्रेय कशाला देता?"

"पर आईला कुणी लावलं?"

"तिच्या आईनं," मी म्हटलं. वेणू आतून हसली. नरहरराव हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की मुळाशी कुठंतरी देव पायजेच, न्हाईतर माणूस मोकाट सुटंल. माणूस भला होता आणि मनापासून बोलत होता, म्हणून मीही वाद वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते मला हुरडा खायला रानात घेऊन गेले. धुकं अजून जमिनीवर होतं. साळूबाईचा कळप वाघरीत (जाळीच्या कुंपणात) बसलेला, ती चुलीशी कोकरांना पोटाशी घेऊन शेकत होती. बांधाच्या पलीकडे गणपत नावाच्या लहान शेतकऱ्याचं ज्वारीचं रान होतं, आणि त्यातून कडाकडा धाटं मोडल्याचा आवाज येत होता. आम्ही वळसा घालून गेलो. दोन धिप्पाड लाल बैल, गळ्यात पितळी घुंगरमाळा, ज्वारीत शिरून कणसं ओरबाडत होते. जवळपास अर्धं रान आडवं झालं होतं. तसल्या घुंगरमाळा गावात एकाच घरच्या बैलांना होत्या, पोलीस पाटलांच्या.

नरहररावांनी ढेकळं मारून बैल हाकलले. बैल रमतगमत गावाकडे गेले. मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, आपण काही पाह्यलं न्हाई."

हुरडा भाजला, पण तो मला गोड लागला नाही.

दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला की धनगरणीच्या मेंढरांनी गणपतचं रान खाल्लं. संध्याकाळी चावडीवर निवाडा होता. पाटलांनी आधीच बोलून दाखवलं होतं की नुकसानीपोटी निम्मा कळप गणपतला द्यावा लागेल आणि बाईने गावची शीव सोडावी. साळूबाईच्या कळपात नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या बऱ्याच होत्या. त्या गेल्या तर मागे राहिलेली कोकरं दुधाविना मरणार, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. गणपतलाही खरं ठाऊक होतं. पण पाटलाच्या बैलांचं नाव घेतलं तर हाती काही येणार नाही आणि मेंढरांचं घेतलं तर मेंढ्या येतील, एवढं त्याला समजत होतं. त्याचं पोट त्या रानावर होतं. त्याच्यावर मला रागावता येईना.

राग आला तो नरहररावांवर. ते पोथी घेऊन देवघरात बसले होते.

"चावडीवर येताय ना?" मी विचारलं.

"न्हाई."

"का?"

त्यांनी पोथी मिटली आणि अगदी प्रामाणिकपणे मला समजावून सांगितलं. "तिथं गेलं की गंगा उचलावी लागती. गंगा उचलून मी खोटं बोलणार न्हाई. आन् खरं बोललो तर पाटील मला या गावात राहू द्यायचा न्हाई. तहसिलात सारा कारभार त्याच्या तोंडून चालतो. म्हणून मी जातच न्हाई. मला कुणी इचारलं न्हाई, म्हंजी मी खोटं बोललो न्हाई. माझ्या माथी पाप न्हाई."

मी थक्क झाले. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की शपथेपासून लांब राहिलं की खोट्यापासूनही लांब राहता येतं. देवाच्या हिशोबात अशी एक पळवाट असते आणि तिच्यातून भली माणसं मान खाली घालून निघून जातात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"नरहरराव," मी म्हटलं, "काल तुम्ही मला विचारलंत, देव नाही तर माणसानं खरं का बोलावं. आज मी विचारते. देव आहे ना? समोर बसलाय ना? मग माणूस खरं का बोलत नाही?"

त्यांनी पोथी पुन्हा उघडली. दारात वेणू उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चपला घातल्या आणि एकटीच चावडीकडे निघाले.

चावडी म्हणजे लिंबाखालचा पार आणि मागे दोन खोल्या. पाटील लोडाला टेकून बसले होते, बोलण्यात गोड माणूस. समोर तांब्याच्या कलशात गोदावरीचं पाणी आणि त्यावर तुळशीचं पान. ओंजळीत ते पाणी घेऊन बोलायचं, याला गंगा उचलणं म्हणतात. असं बोललेलं खोटं सात पिढ्यांना भोवतं अशी समजूत आहे. गणपतला पुढे बोलावलं. त्याने ओंजळ पुढे केली. निम्मं पाणी बोटांतून धोतरावर सांडलं. "मेंढरांनी खाल्लं," तो म्हणाला आणि पागोट्याच्या शेवाने तोंड पुसत मागे सरला.

"साळूबाई, तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं येवढंच हाय पाटील, की ज्वारी माझ्या डोक्याहून उच्ची हाय. माझे मेंढरं काय शिडी लावून कणसं खातेत?"

पारावर हशा पिकला आणि लगेच विझला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जमलेला प्रत्येक माणूस शेतकरी होता. मेंढराचं तोंड कुठवर पोचतं आणि बैलाचं कुठवर, हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक. सारा गाव खरं जाणून होता. ते पाणी खरं शोधायला ठेवलंच नव्हतं. साऱ्यांना ठाऊक असलेलं खरं एकदाचं बुडवायला ते ठेवलं होतं.

मी पुढे झाले. "मी पाहिलं. सकाळी. लाल बैल होते, घुंगरमाळा घातलेले."

पाटलांनी मला नमस्कार केला. "या ताईसाहेब. बसा. गवाही (साक्ष) द्यायची तर द्या की, आमचं ना न्हाई. तेवढी गंगा उचला." आणि मग हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "का तुमी मानत न्हाई म्हणं देवबिव?"

"नाही मानत."

कुजबूज उठली. कुणीतरी म्हणालं, देवाला भीत न्हाई त्या बाईचा शब्द कसा धरायचा?

साळूबाई माझ्याजवळ सरकली आणि माझा हात धरला. "बाई, उचला की वो. तुमच्यापुरतं ते नुसतं पाणीच हाय न्हवं? माझ्या लेकरांसाठी उचला." लेकरं म्हणजे कोकरं.

मी डगमगले, हे लपवत नाही. ती म्हणत होती ते खरंच होतं. माझ्या दृष्टीने ते पाणी होतं. ओंजळभर पाणी उचलायचं, आणि तिची जनावरं वाचतात. कशाला एवढा ताठा? पण मी कलशाकडे पाहिलं, गणपतच्या ओल्या धोतराकडे पाहिलं, आणि माझा हात पुढे होईना.

"साळूबाई," मी म्हटलं, "मी हे पाणी उचललं तर या लोकांना वाटेल की मी त्याला भिते. मी भीत नाही. म्हणजे मी त्यांना फसवीन. खरं सांगायला उभी राहिलेय, त्याची सुरुवात फसवणुकीनं करू?" मग पाटलांकडे वळले. आवाज चढला होता, चढू दिला. "पाटील, माझा शब्द घ्यायचा तर असाच घ्या. मी पाहिलं म्हणून सांगतेय. या बाईवर अन्याय होतोय म्हणून सांगतेय. याहून मोठं कारण मला लागत नाही. तुम्हांला लागतं का? लागत असेल तर आत्ताच याच पाण्यावर काय बोललं गेलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. पाणी आडवं आलं का?"

"एकट्या परगावच्या बाईचं बिनकसमेचं बोलणं," पाटील सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "आणखी कुणी होतं तुमच्यासंगं?"

"होतं. नाव मी सांगणार नाही. ज्याचं त्यानं सांगावं."

पाटलांनी घसा साफ केला, निवाडा सांगायला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी होतो."

नरहरराव पारापाशी उभे होते, डोक्याला पागोटं नाही, पायात वहाणा नाहीत. त्यांच्या मागे वेणू, पदर डोक्यावरून घेतलेली. गावच्या चावडीपाशी ती आयुष्यात पहिल्यांदा आली असावी.

पाटलांनी भुवया उंचावल्या. "वा. मग तुमी तर माळकरी. उचला गंगा आन् बोला."

नरहरराव कलशाजवळ गेले. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता उचलतील. आणि उचललं असतं तरी मी काही बोलले नसते. पण त्यांनी हात मागे घेतला, आणि गळ्यातल्या माळेलाही तो लावला नाही.

"ताईनी उचललं न्हाई. मीबी उचलत न्हाई. बैल तुमचे होते पाटील. मीच ढेकळं मारून हाकलले. घ्यायचा तर घ्या माझा शब्द, न्हाई तर सोडा."

मग गणपतने खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडायला लागला. त्याचं रडणं सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि त्यानंतर निवाडा करायला काही उरलं नव्हतं. पाटील हुशार माणूस. ते उठले, हसले आणि म्हणाले, "अरे, मुकं जनावर हाय. सुटलं असंल दावं. गणपत, सुगीला माझ्या खळ्यावरून ज्वारी घेऊन जा." ती ज्वारी त्यांनी दिली की नाही, मला माहीत नाही. साळूबाई तोवर पारावरून उतरून मेंढरांकडे धावत सुटली होती. तिने आमचे आभार मानले नाहीत. का मानावेत? तिचं होतं तेच तिच्याकडे राहिलं होतं.

किंमत लगेच कळली. संक्रांतीला वेणूने सुगडं (मातीची लहान बोळकी) मांडली, त्यांत ऊस, बोरं, हरभरा भरला, तिळाचे लाडू वळले आणि दारात रांगोळी घातली. पाटलांच्या आळीतली एकही बाई वाण लुटायला आली नाही. दुसऱ्या आळ्यांतल्याही बऱ्याच जणी आल्या नाहीत. वेणू उंबऱ्याशी बसून राहिली. मी ओसरीवर मुठी आवळून येरझाऱ्या घालत होते. मला त्या गावाला चार शब्द सुनवायचे होते आणि ऐकायला कुणी नव्हतं. दिवस कलता कलता गणपतची बायको आली. मागच्या दाराने नव्हे, पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत. वेणूने उठून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मी विधवा, मला त्या समारंभात जागा नाही, पण त्या बाईने लाडवांतला एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुमीबी घ्या. तुमाला कशाची भीती!"

परतीच्या दिवशी नरहररावांनीच गाडी हाकली. गाडीवान पाटलांच्या नात्यातला, तो आला नव्हता. पिंगळीच्या फलाटावर गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो.

"ताई, एक सांगू? देवानंच तुमाला आमच्याकडं धाडलं."

"देवानं नाही धाडलं. मी तिकीट काढून आले," मी म्हटलं. ते पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळं हसले.

मग गंभीर झाले. "गंगा उचलून बोललो असतो ना, तर सोपं गेलं असतं. पाटील चिडला तर म्हणता आलं असतं, काय करू बाबा, गंगा हातात होती, बोलावं लागलं. आता तसं म्हणता येत न्हाई. जे बोललो ते माझ्या एकट्याच्या अंगावर हाय."

"जड वाटतं?"

"लय जड वाटतं." ते पुढे म्हणाले, "पर दुसऱ्या कुणाला द्यावं वाटत न्हाई."

गाडी आली. त्यांनी ट्रंक चढवली, मला नमस्कार केला आणि खिडकीपाशी उभे राहिले. ते अजूनही देव मानतात. रोज पोथी वाचतात. आणि मला त्याबद्दल त्यांच्याशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते मला पुण्यात, गाडीत, चावडीवर, जागोजागी विचारल्या जाणाऱ्या त्या एका प्रश्नाशी. देव मानत नाही, तर तुझ्या शब्दाला आधार काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांची मी यापुढे समजूत घालत बसणार नाही. मी त्यांना उलट विचारीन, तुमच्या शब्दाखालचा तो आधार काढून घेतला तर तुम्ही काय बोलाल? त्याचं उत्तर एका माळकऱ्याने भर पारावर दिलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. वाटलं तर विश्वास ठेवा, नाही तर सोडा. शपथ मी घेणार नाही.